दप्तर, डिलीट आणि एक मेलबॉक्स

आमचे आजोबा शाहूवाडीच्या तहसील कचेरीत कारकून होते. गावात कुणी विचारलं, "नातू काय करतो?" की सांगायचे, "पुण्यात कंपनीचं दप्तर सांभाळतोय." मी हिंजवडीत कम्प्लायन्समध्ये आहे. माझ्या जॉब प्रोफाइलचं इतकं सोपं भाषांतर मला स्वतःला आजवर जमलेलं नाही!

आजोबांकडे कागदाचे वर्ग असत. ‘अ’ म्हणजे कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ वर्षभराचा. शाहूवाडीचा पाऊस म्हणजे ओल आली, वाळवी आली. तरी चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार मागायला माणूस दारात यायचा आणि कागद निघायचा. मुदत संपलेला कागद मात्र नियमाने नष्ट. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हा प्रकारच नाही.

आपल्या ऑफिसात नेमकं हेच चालतं. इनबॉक्समध्ये अठरा हजार मेल्स आणि त्यात केकचं निमंत्रणही, क्लायंटला दिलेला शब्दही. आणि मेलवरचा शब्द हा शब्दच असतो बरं का. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मेलवर ठरलेला सौदा करार म्हणून मान्य केला, रीतसर सह्या झालेल्या नसताना. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० तर सांगतो, की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ठेवायचं तर कुठून निघालं, कुठे पोचलं, तारीख-वेळ काय, हेही टिकलं पाहिजे. म्हणजे प्रिंट काढून फाइलला लावली की झालं, असं नाही.

कोर्टात न्यायची वेळ आली तर आणखी मजा. जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक आठवते? फरक २९६ मतांचा, भांडण उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याचं आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेरा रेकॉर्डिंग. जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मूळ उपकरण हजर करत नसाल तर सोबत सर्टिफिकेट हवंच. साक्षीचा कायदा २०२४ मध्ये बदलला, सर्टिफिकेट काही सुटलं नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याकडची एक सीनियर मुलगी नोकरी सोडून गेली आणि तिच्या जुन्या प्रोजेक्टवरून क्लायंटशी वाद पेटला. तिचा मेलबॉक्स ‘होल्ड’वर गेला, म्हणजे एकही मेल पुसायचा नाही. रात्री तिचा फोन. "अरे, त्यात माझ्या क्लिनिकचे रिपोर्ट्स आहेत. तेवढे काढून टाक ना." दिवसभर ऑफिसचाच मेल उघडा असतो, म्हणून तिने क्लिनिकला तोच पत्ता दिलेला. आपण सगळे देतो. बँकेला, शाळेला, लग्नाच्या साइटला.

मी नाही म्हणालो. होल्डवरचा मेल पुसणं म्हणजे पुरावा पुसणं. अमेरिकेत एन्रॉनचे कागद नष्ट केल्यावर आर्थर अँडरसनसारख्या फर्मची काय अवस्था झाली, ते जगाने पाहिलं. तिने फोन आपटला. तिचंही चूक नव्हतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवली. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, काम संपलं की माहिती पुसा, कायद्यानेच ठेवायला लावली असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. त्या ‘गोष्ट वेगळी’मध्येच आमचं घोडं अडलेलं.

शेवटी लीगलशी भांडून मार्ग काढला. तपासणाऱ्यांना फक्त क्लायंटच्या नावाने सर्च केलेले मेल्स मिळणार, क्लिनिकचा फोल्डर सीलबंद. याला तीन आठवडे लागले. त्या काळात तिच्या जागी आलेल्या मॅनेजरकडे अख्ख्या मेलबॉक्सचा ॲक्सेस होता. लॉग काढला, तर क्लिनिकचा फोल्डर दोनदा उघडलेला.

मी तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "कुठल्या तारखेला?" तिची तक्रार आता एचआरकडे आहे. आमचे लॉग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून त्याच संध्याकाळी तेही होल्डवर टाकून घेतले.