खिंड लढवण्याआधी...

ऑफिसात सलग दहा दिवसांची रजा मागणं म्हणजे खिंड लढवण्यापेक्षा कमी नाही! त्यामुळे हिमाचलमधल्या पिन-पार्वती पासचं ठरलं, तेव्हा आमच्या चौघांच्या टोळीने बूट नाही, सॅक नाही, सगळ्यात आधी एक्सेल शीट उघडली. दहा रजा, तीन वीकएंड, एकूण सोळा दिवस. पुणे-दिल्ली-बरशैणी प्रवास, चालणं, मग मुधहून काझा, मनाली आणि घर. सगळं बसत होतं, फक्त एक दिवस जास्त होत होता. मंतलाईला एक विश्रांतीचा दिवस होता. ‘तिथे बसून काय करायचं?’ म्हणत आम्ही तो उडवला. डिलीट!

सगळा घोळ तिथेच झाला.

हा पास म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगते. उंची 5,319 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवूनही वर थोडं उरतंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. श्वास तेवढाच घ्यायचा, पण प्राणवायू अर्धाच मिळणार. एका बाजूला हिरवीगार पार्वती व्हॅली, दुसऱ्या बाजूला स्पितीचा कोरडा, तपकिरी मुलूख. मधे शंभरएक किलोमीटरची चाल. खीरगंगेच्या गरम पाण्याच्या कुंडाला ‘बाय’ केलं, की थेट पिन खोऱ्यातलं मुध येईपर्यंत वाटेत एकही गाव नाही. भेटलेच तर मेंढ्या घेऊन आलेले गद्दी लोक. रस्ता नाही, दवाखाना नाही, मोबाइलला रेंज नाही.

म्हणजे मधेच काही झालं, तर ‘चल, रिक्षा करू’ हा पर्याय नाही. आलात तसे चालत परत!

क्रोसिनचं रहस्य

पहिले चार-पाच दिवस स्वप्नवत गेले. टुंडा भुज, ठाकूर कुआं, पांडू पुलाच्या अजस्र शिळा, मग उघडी कुरणं. मंतलाईचं तळं दिसलं, तेव्हा आम्ही 4,100 मीटरच्या आसपास होतो. फोटोबिटो झाले. संध्याकाळी गाइड चहा घेऊन आला आणि आमच्यातल्या एकाकडे बघत राहिला. त्याचा आधीचा चहा तसाच थंड पडला होता.

‘साब, सर में दर्द है?’

‘नहीं नहीं, थोडा थक गया हूं.’

रात्री तो दोनदा तंबूबाहेर जाऊन उलटी करून आला, तेव्हा खरं बाहेर पडलं. ओडी थाचपासून डोकं ठणकत होतं. पठ्ठ्या गुपचूप क्रोसिन घेत होता. मी भडकलेच, ‘अरे, सांगायचंस ना!’ तर म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तुमच्या सगळ्यांच्या रजा फुकट गेल्या असत्या.’

यावर काय बोलणार? शीटमधला रिकामा दिवस आम्हीच पुसला होता. त्याला आजारी पडायलासुद्धा आम्ही जागा ठेवली नव्हती.

सकाळी फरक नव्हता. गाइडने चर्चाच केली नाही, तंबू गुंडाळायला घेतले. ठाकूर कुआंपर्यंत उतरलो आणि याचं डोकं थांबलं. बरशैणी येईपर्यंत तो चक्क गाणी म्हणत होता आणि आम्ही तिघं मात्र गप्प. खरं सांगू? मला तेव्हा त्याचा रागच आला होता. दोन महिन्यांची पहाटेची सिंहगड प्रॅक्टिस, नवे बूट, पैसे, सगळं पाण्यात!

घरी आल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीने शांतपणे माझी शाळा घेतली. उंचीवर डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं आलं, की ते उंचीचं आजारपणच समजायचं आणि बरं वाटेपर्यंत एक पाऊलही वर जायचं नाही. गोळीने दुखणं झाकलं जातं, आजार तसाच राहतो. नुसतं बसलं तरी धाप लागणं किंवा सरळ रेषेत चालता न येणं म्हणजे फुप्फुसात किंवा मेंदूत गडबड. तेव्हा रात्र असो वा पाऊस, ताबडतोब खाली! फिटनेसचा इथे संबंध नाही. मॅरेथॉनवाल्यालाही हे होतं.

टेक टू

पुढच्या वर्षी पुन्हा शीट उघडली. या वेळी आधी दोन रिकामे दिवस टाकले, मग उरलेला ट्रेक त्याभोवती बसवला. दिवस झाले अठरा. रजा दोन जास्त. एकाने बिनपगारी घेतली. मंतलाईचा विश्रांतीचा दिवस परत आला, तोही या दोन दिवसांत न धरता. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा साधारण 500 मीटरहून जास्त उंच नको, हा नियम धरून तळ ठरवले. परतीची तिकिटं बदलता येतील अशीच काढली. आणि निघण्याआधी, डोकं जाग्यावर असताना, तीन गोष्टी लिहून काढल्या. डोकं दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं. परत फिरायचं की नाही यावर मतदान नाही, गाइडचा शब्द शेवटचा. आणि हवा बिघडली तर बेस कॅम्पवरूनही मागे.

तिसरा नियम उगाच नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये हर्षिलहून लमखागा पासमार्गे चितकूलला निघालेला ग्रुप बर्फवृष्टीत सापडला आणि त्यातल्या अनेकांचा जीव गेला. उंचावरचं हवामान आपलं कॅलेंडर बघत नाही.

मंतलाईला पोचलो. चहा आला. आणि आमचा हीरो स्वतःहून म्हणाला, ‘अरे, डोकं दुखतंय.’

बस्स. एवढंच! कुणी काही बोललं नाही. विश्रांतीचा दिवस झाला, डोकं थोडं उरलंच होतं, म्हणून एक रिकामा दिवसही तिथेच खर्च केला. मेंढीकोटाचे डाव टाकले. तिसऱ्या सकाळी त्याने दोन पराठे हाणले, तेव्हा गाइड हसला.

पासवर पोचलो ते सकाळी लवकर, बर्फ घट्ट असताना, भेगांच्या भागात दोराला बांधून. मागे पार्वतीकडचे ढग, पुढे स्पितीचं कोरं निळं आकाश. आम्ही जेमतेम वीस मिनिटं थांबलो. तो रडला. मीही.

उरलेला रिकामा दिवस मुधमध्ये झोपून काढला. अठरा दिवसांतला सगळ्यात भारी दिवस!

निघण्याआधी हे बघा

- पहिलाच हिमालयीन ट्रेक हा नको. आधी कमी उंचीचा, सोपा पास करून या.
- डायमॉक्स घ्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही.
- इन्शुरन्स किती मीटर उंचीपर्यंत आहे, ते पॉलिसीत वाचा.
- परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नेणं भारतात बेकायदेशीर आहे. उत्साहात परदेशातून मागवू नका.
- ओढे सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.
- घरी एकाकडे पूर्ण वेळापत्रक ठेवा. कुठल्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, तेही लिहून द्या. त्या तारखेत रिकामे दिवस धरायला विसरू नका!