छोट्या कॉलेजचा नोटीस बोर्ड

आमचं कॉलेज तसं छोटंच. नोटीस बोर्डवर फी भरायची शेवटची तारीख, नाहीतर कुणाची तरी हरवलेली छत्री! कॅम्पस इंटरव्ह्यूसुद्धा 'पूल'मध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या कॉलेजात जाऊन. संधी नव्हत्या असं नाही हो, बातमीच पोचायची नाही.

पुरुषोत्तम करंडकाचंच घ्या. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेली ही एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात सीओईपीला जेवढा वेळ, तेवढाच गल्लीतल्या कॉलेजलाही. नावाचा दबदबा तिथे चालत नाही. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही!

पण उतरायचं तर आधी कळायला हवं ना? आम्हाला कळलं तेव्हा नावनोंदणी संपलेली. मित्राने लिहिलेली एकांकिका वहीतच राहिली. पुढच्या वर्षी तो फायनल इयरला, प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटच्या गडबडीत... राहूनच गेलं.

आता सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे, पण शंभर फॉरवर्डमध्ये कामाचा मेसेज बुडतोच. म्हणून मंडळी, तुमचंही कॉलेज असंच असेल तर या वीकेंडला एखाद्या ज्युनियरला फोन करा. कुठली स्पर्धा, कुठली इंटर्नशिप, फॉर्म कधी निघतो, एवढंच सांगा. रेफरलचं नंतर बघू!