मावळत्या उन्हातील चांपानेर

बडोदे शहर मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकात गायकवाडांनी तेथे ठाण मांडले, आणि तेव्हापासून तेथील वाड्यांतून व पेठांतून मराठी बोली नांदत आली. आता त्या शहराचे नाव वडोदरा असे लिहितात. तेथे जाणारा आपला माणूस लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सयाजीबागेत मुलाबाळांना फिरवितो आणि परततो. परंतु ज्याच्याजवळ कॅमेरा आहे आणि ज्याच्या मनाला पडक्या इमारतींची ओढ आहे, त्याने शहर सोडून ईशान्येस सुमारे ५० किलोमीटर जावे. पंचमहाल जिल्ह्यात, पावागडाच्या पायथ्याशी, चांपानेर नावाचे नगर आहे. तेथील मशिदी, तटबंदी, दरवाजे आणि विहिरी गवताझुडपांतून डोके वर काढून उभ्या आहेत. हे अवशेष मावळत्या उन्हात कसे दिसतात, आणि त्यांचे छायाचित्र कसे व कशासाठी घ्यावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात सांगू. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ साली पावागड घेतला, आणि पायथ्याशी नवी राजधानी वसविली. रस्ते, बागा, तलाव, मशिदी, बाजार असे सर्व काही तेथे झाले. परंतु हे वैभव जेमतेम पन्नास वर्षे टिकले. १५३५ साली मोगल बादशहा हुमायून याने चांपानेर जिंकले. कड्यात लोखंडी खिळे ठोकून त्याची माणसे रात्री गडावर चढली, असे इतिहासकार सांगतात. पुढे राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली, वस्ती ओसरली, आणि रानाने नगर गिळले.

आमच्या वसईकडील वाचकांना या कथेत आपलेही काही आहे. चांपानेरवर संकट आले तेव्हा गुजरातच्या गादीवर सुलतान बहादुरशहा होता. एकीकडून हुमायून चालून येत होता, दुसरीकडून पोर्तुगीज किनाऱ्यावर मारा करीत होते. अशा पेचात त्याने डिसेंबर १५३४ मध्ये पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई व तिच्या भोवतालचा मुलूख त्यांना दिला. वर्ष उलटण्यापूर्वीच त्याचे चांपानेर पडले, आणि १५३७ साली दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो स्वतःही मरण पावला. म्हणजे चांपानेरचा अस्त आणि पोर्तुगीज वसईचा उदय एकाच वादळात झाला. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि कालांतराने किल्ल्यातील देवळांचीही छपरे गेली. आज दोन्ही ठिकाणी पिंपळाची मुळे दगडांच्या फटींत शिरलेली दिसतात.

चांपानेरच्या जामा मशिदीसमोर आम्ही उभे होतो तेव्हा दुपार कलली होती. ही वास्तू सोळाव्या शतकाच्या आरंभीची आहे. मध्यकमानीच्या दोन्ही बाजूंना दोन मिनार आहेत आणि त्यांची उंची सुमारे ३० मीटर आहे. उन्हाचा ताप उतरला, तसा पिवळसर दगड मधासारखा दिसू लागला. शेळ्यांचा एक कळप तटाच्या कडेने घरी चालला होता, आणि त्यांच्या खुरांची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत होती. आता सूर्य खाली गेला की समोरची सारी नक्षी उजळून निघेल, असे नवख्याला वाटते. घडते मात्र उलटेच.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मशिदीत प्रार्थना मक्केकडे तोंड करून होते, आणि गुजरातहून मक्का जवळजवळ थेट पश्चिमेस आहे. म्हणून मागची भिंत पश्चिमेस आणि दर्शनी बाजू पूर्वेस येते. सायंकाळी सूर्य इमारतीच्या पाठीमागे असतो. समोर सावली पडते. मिनार, कमानी आणि घुमट यांची काळी आकृती तांबूस आकाशावर उमटते. मार्च व सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवस व रात्र समान असतात त्या सुमारास, सूर्य अगदी पश्चिमेस मावळतो. तेव्हा ही आकृती फारच शोभते. हिवाळ्यात तो नैर्ऋत्येकडे सरकतो आणि पावागडाचा सुमारे ८०० मीटर उंचीचा डोंगरही त्याच बाजूस आहे. म्हणून त्या दिवसांत पंचांगातील सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबून राहू नये, तासभर आधीच जागा धरावी.

आपल्या जुन्या देवळांची परंपरा याच्या उलट होती. वेदी पूर्वेस आणि दर्शनी भिंत पश्चिमेस, असा जुना संकेत होता. तो सर्वत्र पाळला गेला नाही हे खरे, पण जेथे पाळला गेला तेथे सायंकाळचे ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडते. बडोद्याच्या आग्नेयेस डभोईचा जुना किल्ला आहे. त्याचे चार दरवाजे चार दिशांना आहेत. पश्चिमेचा बडोदे दरवाजा सायंकाळी उजळतो. कोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेली हिरा भागोळ मात्र पूर्वेस आहे, तिच्या बाहेरील अंगासाठी सकाळीच जावे. आणि पायऱ्यांच्या खोल वावेच्या तळाशी ऊन पोचते ते सूर्य माथ्यावर असतानाच. प्रत्येक वास्तूची अशी आपली एक वेळ असते. ती जाणून घेणे हा या कलेचा पहिला धडा होय.

कॅमेऱ्याविषयीही दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. सायंकाळचे आकाश तेजस्वी आणि दगड काळोखा, त्यामुळे दोन्ही एका चित्रात नीट उतरत नाहीत. प्रकाशाचे माप आकाशावरून घेतले तर इमारत काळी पडते. दगडावरून घेतले तर आकाश पांढरे फटक होते. मोबाइलने चित्र घेणाऱ्याने पडद्यावर आकाशाला बोट लावून एक चित्र घ्यावे, भिंतीला बोट लावून दुसरे घ्यावे, आणि दोन्ही जपावीत. सूर्य बुडताच निघून जाऊ नये. पुढील पंधरा-वीस मिनिटे जो मंद, सारखा उजेड असतो, त्यात दगडाचे पोत बरेच दिसते. हात कापत असेल तर खांबाचा आधार घ्यावा. मात्र चित्रासाठी जुन्या भिंतीवर चढू नये. संरक्षित वास्तूंचे दरवाजे संध्याकाळी बंद होतात, आणि कॅमेऱ्याची तिपाई लावण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. केवळ सुंदर देखाव्यासाठी असेल तर तांबडे आकाश आणि काळी आकृती पुरे आहे. पण त्या चित्रात नक्षी नसते, भेगा नसतात, ढासळलेला कोपरा नसतो. सायंकाळ पडक्या भिंतीवर दया करते. तिचे व्रण झाकते. म्हणून आमचे म्हणणे असे की सायंकाळचे चित्र अवश्य घ्यावे, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेथे यावे आणि व्रणांचेही चित्र घ्यावे. नगीना मशिदीच्या मिनारांच्या पायथ्याशी कोनाड्यांत जे नाजूक कोरीव काम आहे, ते सकाळच्या तिरप्या उन्हातच वाचता येते. पहिले चित्र आपल्या मनासाठी असते. दुसरे पुढच्या पिढीसाठी.

छायाचित्र ही साक्ष आहे, हे जगाने लवकरच ओळखले होते. ही विद्या १८३९ साली लोकांपुढे आली, आणि १८५१ मध्येच फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवून जुनी देवळे व वास्तू टिपून घेतल्या. चांपानेरच्या इमारतींचे वर्णन व आरेखने जेम्स बर्जेस यांच्या १८९६ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. १९६९ पासून काही वर्षे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने प्रा. र. ना. मेहता यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन केले आणि रानाखालील नगराची रचना उजेडात आणली. २००४ साली चांपानेर-पावागड जागतिक वारशाच्या यादीत गेले. उलट २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजमधील राव लखपतजींची छत्री क्षणात कोसळली. पॅरिसचे नोत्र दाम मंदिर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले. ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले, त्यात आगीपूर्वी घेतलेल्या बारकाईच्या मोजमापांचा व चित्रांचा मोठा उपयोग झाला. जे आधी टिपून ठेवले होते, तेच पुन्हा उभे करणे सुकर झाले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चित्र घेणाऱ्याला अवशेष निर्जन हवे असतात. समोर कोणी आले की तो खट्टू होतो. पण चांपानेरच्या तटाच्या आत आजही गाव आहे. तेथे चुली पेटतात, मुले शाळेत जातात, आणि कालिकामातेच्या दर्शनाला हजारो यात्रेकरू गड चढतात. ज्यांच्या दाराशी हे दगड आहेत, त्यांना चित्रातून पुसून टाकले तर ती साक्ष अपुरी राहते. एखादा माणूस, अर्थात त्याला विचारून, कमानीखाली उभा राहिला तर वास्तूची उंचीही कळते आणि तिचे जिणेही कळते. मंदिराचे भव्य दगड शिष्यांनी प्रभूला दाखविले तेव्हा त्याची दृष्टी त्या दगडांच्या पलीकडे, त्या नगरीतील माणसांवर होती, हे आपण विसरू नये.

वाचकहो, चांपानेर सर्वांनाच जवळ नाही. पण पडणाऱ्या वास्तू प्रत्येक गावात आहेत. वाटेवरचा जुना क्रूस, रहाटाची विहीर, कौलारू घराची ओटी, आजोबांनी बांधलेला गोठा, यांपैकी कितीतरी वस्तू नव्या इमारतींसाठी एका दिवसात नाहीशा होतात. आणि मग त्या कशा होत्या यावर भावाभावांत वाद होतो. घरोघरी मोबाइल आहे. मुलांना सांगा, एका सायंकाळी आणि एका सकाळी त्यांचे चित्र घ्या. चित्राची एक प्रत कागदावर काढा, आणि तिच्या मागे गावाचे नाव, वास्तूचे नाव, तारीख व ती बांधणाऱ्याचे नाव घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा. दगड कोठे होता हे चित्र सांगेल. तो कोणी रचला हे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच त्यांना विचारावे.