मोडीत काढलेली मोटार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ठाण्याच्या आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सायंकाळच्या मिस्सानंतर मला भेटावयास आला. चांगल्या नोकरीत असलेला, नुकताच बाप झालेला मुलगा. त्याने मला एका मोटारीचे छायाचित्र दाखविले. इंग्लंडमधील कोण्या शेडमध्ये धूळ खात पडलेली, १९५५ सालची फियाट अकराशे. तिच्या नाकाडामुळे आपल्याकडे जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात, तीच. पुढचे दरवाजे उलट बाजूने उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असलेली. त्याच्या आजोबांकडे अशीच गाडी होती आणि तिच्या मागच्या आसनावर त्याचे बालपण गेले होते.

"फादर, ही बोटीने मागवून पूर्ववत करावी असे मनात आहे. पण घरात वाद चालला आहे. जुन्या लोखंडावर इतका पैसा घालणे हे पाप तर नव्हे?"

हिशेब त्याने नीट मांडला होता. पूर्वी १९५० सालाआधी बनलेल्या मोटारीच अशा रीतीने परदेशातून आणता येत. २०२५ मध्ये ती अट सैल झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वाट मोकळी झाली. मात्र आयातशुल्क व अन्य कर धरले, तर कराचा आकडाच मूळ किमतीच्या पुढे जातो. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची स्वतंत्र नोंदणी करावयाची. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढावयाची. रोज कामावर नेण्याची मुभा नाही.

मी त्याला एक गोष्ट सांगितली. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त अधिवेशनासाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले होते. अमेरिकेतून भेट आलेली लिंकन मोटार त्यांच्या दिमतीला होती. परत जाताना ती त्यांनी मदर तेरेजांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीकडे वळविला. "परदेशातून आलेल्या मोटारीचा याहून चांगला उपयोग तुला सुचतो का?" असे मी विचारले. तो निरुत्तर झाला. आपण योग्य तेच बोललो, या समाधानात मी होतो.

तरीही त्याने जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा, म्हणून शनिवारी मी त्याला डोंबिवलीस घेऊन गेलो. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला माझ्या जुन्या ओळखीच्या एका मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. त्याच भागातील प्रीमियरच्या कारखान्यात त्यांची उमेद गेली. कारखाना बंद पडला, परंतु हातातील विद्या राहिली. सत्तरी ओलांडली असली तरी दोन मुलांना ते पत्र्याचे काम शिकवीत असतात.

मिस्त्रींनी छायाचित्र पाहिले आणि खिशातून एक लहानसे लोहचुंबक काढले. शेडमधल्या एका गाडीच्या दारावर ते फिरवीत ते म्हणाले, "हे बघ बाबा, जिथे पत्रा आहे तिथे हे धरते. जिथे खाली नुसती पुट्टी आहे तिथून गळून पडते. फोटोला चुंबक लावता येत नाही. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून पत्रा खाते. आणि या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. तो कुजला असेल, तर तू नुसता रंग विकत घेशील."

थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "१९५४ पासून हीच गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात जोडली जात होती. तेव्हा सुटे भाग बोटीने यायचे. त्या गाड्या आपल्याच गल्ल्यांतून फिरल्या. नंतर आपण त्या किलोवर विकल्या. आता तीच तू बोटीने परत आणणार! पटत नसेल, तर फादरना विचार."

या शब्दांत विखार नव्हता, तरीही मी खाली पाहिले.

वाचकहो, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. १९९८ साली मी कल्याणच्या बाजूला साहाय्यक धर्मगुरू होतो. माझ्या आधीच्या वृद्ध फादरांची डुक्कर फियाट आवारात उभी होती. तिच्यातून त्यांनी कितीतरी रुग्ण इस्पितळात पोहोचविले होते. हेच मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, "फादर, रविवारी दुपारचे दोन तास मला द्या, मी फुकट दुरुस्त करीन." मला मात्र सायकली ठेवण्यासाठी जागा हवी होती. मी भंगारवाल्याला बोलाविले. पुढे निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात त्या फादरांना भेटलो, तेव्हा त्यांनी विचारले, "गाडी चालते ना?" मी विषय बदलला. आता ते हयात नाहीत.

परतीच्या वाटेवर माझ्याच तोंडची लिंकनची गोष्ट मला टोचू लागली. पोपमहाशयांनी मोटार दिली होती. मी टाकली होती. देणाऱ्याला वस्तूचे मोल ठाऊक असते. टाकणाऱ्याला ते जाणून घ्यावयाचेच नसते, आणि त्या आळसाला तो साधेपणाचे नाव देतो. त्या तरुणाच्या खर्चाला पाप ठरविण्याचा अधिकार मला कितपत होता?

पुढे महिन्याभराने मिस्त्रींनी कल्याणमधील एका घरामागे चिंचेखाली उभा असलेला सांगाडा शोधून काढला. कागदपत्रे घरातल्या ट्रंकेत जपलेली होती. इंग्लंडची गाडी रद्द झाली. आता परदेशातून येतील ती केवळ दारांची रबरे आणि दिव्यांच्या काचा. तरुणाच्या पत्नीने खर्चाला मर्यादा घातली आहे. कामाला दोन वर्षे लागतील.

गेल्या रविवारी दुपारी मी दोन तास त्या शेडमध्ये होतो. मिस्त्रींनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. दाराचा काळा रंग घासता घासता खालून करडा निघाला, आणि त्याखालून फिकट हिरवा. मी उत्साहाने जोर लावला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"हळू, फादर. पत्रा जुना आहे."