आज्जीचं रंगाचं मडकं

आम्ही चुलत-आत्ते मिळून अकरा भावंडं. कोल्हापुरात सुभाषनगरात दोन खोल्यांत वाढलो. आता पुणे, ठाणे, बेळगाव असे पांगलोय, पण लग्नकार्याला एकत्र आलो की जेवणं उरकायच्या आत कुणीतरी आज्जीच्या मडक्याचा विषय काढतंच.

मडकं मोरीमागच्या भिंतीला टेकून असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. आत गंजके खिळे, बैलांच्या पायातल्या झिजलेल्या पत्र्या, गुळाचा खडा आणि पाणी. पंधरा-वीस दिवसांत वर फेस धरायचा, आंबूस वास सुटायचा. मग आज्जी काडीला चिंधी गुंडाळून त्यात बुडवायची आणि घरात बनणाऱ्या चपलेच्या पट्ट्यावरून फिरवायची. मडक्यातलं पाणी दिसायला गढूळ, फिकट. पण पट्ट्याला लागलं की बघता बघता राखाडी, मग निळसर, मग काळंभोर. आम्ही अकराजण उकिडवे बसून हे बघायचो. शंभरदा बघितलं तरी कंटाळा यायचा नाही.

पुढं धाकटा कॉलेजात रसायनशास्त्र शिकला तेव्हा त्यानं उलगडून सांगितलं. आमचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. त्यातलं टॅनिन आणि मडक्यातलं लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तीही याच जोडीवर. आज्जीला अक्षरओळख नव्हती, पण व्यापाऱ्यानं कातडं आणलं की ती आधी कोपऱ्यावर मडक्यातला एक थेंब टाकायची. काळं धरलं नाही तर म्हणायची, "ह्ये सालीतलं न्हवं. परत न्या." क्रोमनं कमावलेलं कातडं तिच्या हातून कधी घरात शिरलं नाही.

रंगाचा तिचा एक नेम होता. जोड एकदम रंगवायचा. डाव्या पट्ट्यावर एक हात, लगेच उजव्यावर एक हात. मानेकडचं कातडं रंग जास्त पितं, पाठीकडचं कमी. एक पाय पुरा करून दुसरा घेतला तर दोघांत फरक पडतो आणि तो उन्हात नेल्यावरच दिसतो. पातळ तीन हात, मधे सावलीत वाळवण. उन्हात ठेवलेलं कातडं वाकडं होतं, म्हणून आम्हा पोरांना राखण बसवायची. शेवटी साध्या पाण्यानं पुसून घ्यायची. लोखंड कातड्यात जास्त राहिलं तर कातडं तडकतं. "लोकंड खातंय त्येला," एवढंच ती सांगायची. तेल त्याच्यानंतर. आधी तेल लागलं तर रंग आत जातच नाही, हे थोरल्या काकीला एकदाच चुकून कळलं. सगळ्या चपला काळ्या नसायच्या, हेही सांगायला हवं. बऱ्याचशा सालीच्या मूळ रंगातच ठेवायच्या, आणि तेल मुरलं की त्यांना उसाच्या काकवीसारखी झाक यायची. ती झाक मला काळ्यापेक्षाही आवडायची.

पोरींनी चपलेच्या कातडी वेण्या वळायच्या, आत्यानं गोंड्यांना लाल पुडीचा रंग द्यायचा. संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येक बाईची बोटं रंगलेली. आमचीही. शाळेत प्रार्थनेला नखं तपासायचे. धुतलेली असूनही आमची नखं काळी. एकदा बाईंनी माझा हात वर्गाला दाखवला. पुढं काय झालं ते लिहीत नाही. घरी येऊन मी रडले तेव्हा आज्जीनं लिंबाची फोड घेतली आणि एकेक नख चोळत बसली. लिंबानं तो डाग उतरतो. माझी दहा नखं स्वच्छ झाली. तिची तशीच राहिली. तिनं स्वतःच्या नखांना लिंबू कधी लावलं नाही.

माल घेऊन घरातले आण्णा आणि काका चप्पल लाईनच्या बाजारात जायचे. गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊन म्हणायचं, "कारागीर पक्का आहे." कापणी, ठोकणी पुरुषांची होती, ते खरंच. पण गिऱ्हाइकाचा डोळा आधी रंगावर आणि वेणीवर ठरायचा, आणि ते दोन्ही घरात बसलेल्या बायकांचं काम होतं. त्यांची मजुरी वेगळी कुणी धरली नाही. आमच्या घरानंही नाही.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचा तो मिळून हक्क. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलेच जोड दिसले आणि आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर मेसेज वाजत राहिले. कोण चिडलं होतं, कोणाला अभिमान वाटत होता. आत्यानं, तिचं वय आता ऐंशीच्या पुढं, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "डाव्या-उजव्याचा रंग बघू दे आदी."

गेल्या दिवाळीला आम्ही मडकं पुन्हा लावून बघितलं. खिळे मिळाले, गूळ घातला, वीस दिवस थांबलो. पट्टा राखाडी झाला, काळा झाला नाही. गूळ किती, लोखंड किती, पाणी किती, हे आज्जी ओंजळीनं मोजायची आणि आम्हा अकराजणांपैकी एकानंही ते लिहून घेतलं नव्हतं. आत्याला लोखंडाचं आठवतं, गुळाचं नाही.

तुमच्या घरात अशी रंगाची मडकी लावणारी आज्जी, मामी, काकी अजून असेल, तर या सुट्टीत वही घेऊन तिच्याशेजारी बसा आणि तिच्या ओंजळीत किती गूळ मावतो ते वजन करून लिहून ठेवा.