अंधारयुग कोणाचें ?

इंग्रज ग्रंथकार जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) ह्यांनीं एक संपूर्ण पुराण स्वकल्पनेनें रचिलें. त्यांच्या पश्चात् १९७७ सालीं त्यांच्या पुत्रानें संपादिलेला 'सिल्मारिलियन' हा त्या पुराणाचा मूलग्रंथ होय. त्यांत सूर्यचंद्रांपूर्वींच्या एका प्रदीर्घ अंधारयुगाचें वर्णन आहे, आणि तें आम्हांस पुनःपुन्हां विचारास लावितें.

मेल्कोर नामक दुष्ट देवानें पृथ्वीवरील दोन महादीप उलथून टाकिले, तेव्हां इतर देव पश्चिम समुद्रापलीकडे पर्वतांची भिंत उभारून राहिले. तेथें रुपेरी व सोनेरी तेजाचे दोन वृक्ष उगवले. भिंतीबाहेरच्या मध्यभूमीस मात्र केवळ तारे उरले. त्या काळोखांतच एका सरोवरातीरीं एल्फ नांवाचे अमर लोक जागे झाले. त्यांतील कांहीं देवांच्या बोलावण्यावरून प्रकाशाकडे गेले, कांहीं मागें राहिले. आणि गेलेल्यांनीं राहिलेल्यांस 'अंधाराचे लोक' हें नांव दिलें.

ह्या नांवाची सत्यता काय? ह्याच अंधारांत थिंगोल राजाची मेनेग्रोथ ही सहस्र गुहांची राजधानी घडली, व त्याच्या पदरच्या डेरॉन गायकानें लिपि रचिली. उलटपक्षीं, प्रकाशांत वाढलेल्या फेआनोरानें वृक्षांचें तेज तीन रत्नांत कोंडलें. मेल्कोरानें वृक्षांचा नाश करून तीं रत्नें चोरिलीं, तेव्हां पाठलागास जहाजें हवींत म्हणून फेआनोरानें व त्याच्या पुत्रांनीं आपल्याच भाऊबंदांचें रक्त सांडलें. पुढें त्या पुत्रांपैकीं कारान्थिर हा थिंगोलास अंधारांतला गुहावासी म्हणून हिणवितो. वस्तुतः थिंगोलानें ते वृक्ष स्वतः पाहिले होते! दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

ही कल्पना टॉल्किन ह्यांस सुचावी ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. रोमच्या पतनानंतरच्या शतकांस अंधाराची उपमा चौदाव्या शतकांत पेत्रार्क कवीनें दिली, व ती पुढें रूढ झाली. टॉल्किन हे १९२५ पासून ऑक्सफर्ड येथें प्राचीन इंग्रजीचे अध्यापक होते. म्हणजे त्या 'अंधारांतलें' वाङ्मय हाच त्यांचा व्यासंग. 'बेओवुल्फ' हें काव्य इतिहासाची केवळ खाण न मानितां काव्य म्हणूनच वाचावें, असें त्यांनीं १९३६ च्या व्याख्यानांत आग्रहानें प्रतिपादिलें. त्या काळास काळोख म्हणणाऱ्यांनीं त्यांतलीं गाणीं ऐकिलींच नव्हतीं.

मरतां मरतां त्या वृक्षांनीं एक फूल व एक फळ दिलें. फुलाचा चंद्र झाला, फळाचा सूर्य. आणि तेव्हां कोठें प्रकाश भिंतीबाहेर येऊन सर्वांच्या वांट्यास आला. म्हणून कोणत्याहि युगास अंधाराचें म्हणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें: हें नांव ठेवणारा कोठें बसला होता? आणि त्याच्याजवळचा प्रकाश त्यानें कोणास दिला?