बर्फातून जाणारं रक्त

नव्वदच्या दशकात आम्ही निवासी डॉक्टर होतो, तेव्हा धमनीतल्या रक्ताचा नमुना बर्फातून जायचा. सिरिंजमध्ये हेपरिन फिरवून घ्यायचं, मनगटाशी नाडी चाचपून सुई घालायची, हवेचा बुडबुडा काढायचा, टोकाला रबरी बूच लावायचं. मग वॉर्डातले मामा बर्फाचा ट्रे घेऊन लॅबकडे पळायचे. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही खाटेशी उभं राहून श्वास मोजायचो, घड्याळ लावून, पूर्ण मिनिटभर. नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, बोलताना दर दोन शब्दांनी दम लागतोय का, सगळं त्या मिनिटात दिसायचं.

एआरडीएसची, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होण्याची, शंका तिथेच यायची. न्यूमोनिया असो, सेप्सिस, लेप्टोस्पायरोसिस की स्वादुपिंडाची सूज, फुप्फुसातल्या केशवाहिन्या झिरपू लागतात, वायुकोशांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन वाढवत नेला तरी रक्तात पोचत नाही. 1967 मध्ये डेन्व्हरच्या ॲशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे 12 रुग्ण प्रथम मांडले, धाप, निळेपणा, ताठर फुप्फुसं आणि एक्स-रे यांच्या आधारावर.

एक्स-रेची ओली फिल्म आम्ही खिडकीच्या उजेडात धरायचो. दोन्ही बाजू पांढऱ्या दिसल्या की वाद सुरू: हे पाणी हृदयाचं की फुप्फुसाचं? ते ठरवायला मानेच्या शिरेतून हृदय ओलांडून कॅथेटर फुप्फुसाच्या धमनीपर्यंत न्यायचा. एआरडीएस म्हणायचं तर हृदयाच्या डाव्या बाजूचा अंदाज देणारा दाब 18 च्या वर नसला पाहिजे, असं 1994 ची व्याख्या सांगायची. आज खाटेशी इको होतो. 2012 च्या बर्लिन व्याख्येने दाबाची ती अट काढली आणि गणित सुटसुटीत केलं. व्हेंटिलेटरवर 50 टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तात त्याचा दाब 60 च असेल, तर 60 भागिले 0.5, म्हणजे 120. तीनशेपर्यंत सौम्य, दोनशेपर्यंत मध्यम, शंभर किंवा त्याखाली तीव्र. 2023 मध्ये मांडलेल्या व्याख्येत तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा आणि छातीची सोनोग्राफीही चालते. तालुक्याच्या दवाखान्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

त्या दिवसांची आठवण येते, पण ते दिवस परत नकोत. तेव्हा व्हेंटिलेटरवर किलोमागे 12 मिलीपर्यंत हवा सर्रास भरली जायची. ती 6 वर आणल्यावर मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून 31 वर आले, हे 2000 साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं. तोवर किती फुप्फुसं फुगवून फुगवून जायबंदी झाली असतील!

तरीही आज एका गोष्टीची चीड येते. 2016 मध्ये 50 देशांतल्या आयसीयूंची पाहणी छापून आली. एआरडीएस असलेल्या दहांतल्या चौघांचं निदान डॉक्टरांकडून झालंच नव्हतं. मॉनिटर होते, धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारं एबीजी मशीन हाताशी होतं. आणि आपल्याकडे कुठलाही केसपेपर उघडा, श्वासाचा आकडा सगळ्यांचा 20. न मोजता लिहिलेला.

निदान वेळेवर झालं तर आज करण्यासारखं खूप आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सोळा सोळा तास पालथं झोपवतात. तीव्र आजारात त्याने मृत्यू निम्म्यावर आल्याचं 2013 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं. आमच्या वेळी कुणी असं सुचवलं असतं तर सिस्टरनी हाकलून दिलं असतं. आता नळ्या सांभाळत चार-पाच जण मिळून पेशंटला वळवतात आणि काचेतून बघणारे नातेवाईक घाबरून विचारतात, “डॉक्टर, आमच्या दादांना असं उपडं का टाकलंय?” त्यांना सांगतो, “पाठीकडचं फुप्फुस दबलं होतं, ते उघडतंय. मॉनिटरवरचा तो निळा आकडा बघा, सकाळी 84 होता.”